आईस हॉकीत खेळाडू बर्फावर निपचित पडलेला असताना प्रेक्षक जल्लोष कसा करू शकतात?

तुम्ही 8 मार्च 2004ची व्हँकुवरची क्लिप पाहून हा प्रश्न विचारलाय. व्हँकुवर कनक्सचा टॉड बर्टुझी कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचच्या स्टीव्ह मूरच्या मागे लागतो, जर्सी धरून ओढतो, डोक्यावर ठोसा मारतो आणि त्याला तोंडावर बर्फात आदळतो. त्याच वेळी स्टेडियममध्ये गलका चाललेला ऐकू येतो, म्हणून "ही माणसं आहेत की जनावरं" असंही विचारलंय. मी कनक्सचा चाहता. एरवी कोणी आमच्या संघाला नावं ठेवली की मला राग येतो. या प्रकरणात मात्र मला राग येतो तो आमच्याच लोकांचा, आणि तोही त्या जल्लोषासाठी नाही. त्यामागे तीन आठवडे जे चाललं होतं, त्यासाठी.

आधी जल्लोषाचं सांगतो, तो भाग सोपा आहे. रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. वरच्या मजल्यावरच्या माणसाला एवढंच दिसतं की एक कनक्सवाला एका अ‍ॅव्हलांचवाल्याला धरतोय. हॉकीच्या स्टेडियममध्ये कोणी कोणाची जर्सी धरली की लोक आपोआप उभे राहतात आणि ओरडायला लागतात. ठोसा कुठून आला, हातात ग्लोव्ह होता की नाही, समोरच्याला तो येताना दिसला का, यातलं काहीही त्या क्षणी तिथून कळत नाही. मागोमाग बाकीचे येऊन अंगावर पडतात आणि नुसता ढीग दिसतो. ढीग बाजूला झाल्यावर एक जण उठत नाही, तेव्हा कुठे आवाज बसायला लागतो. मूर सुमारे दहा मिनिटं तसाच पडून होता, मग स्ट्रेचरवरून नेला. तुम्ही पाहिलेली क्लिप बहुधा काही सेकंदांची असेल. ती दहा मिनिटं कोणी क्लिपमध्ये घालत नाही.

म्हणजे प्रेक्षक धुतल्या तांदळाचे, असं मी म्हणत नाही. खरं प्रकरण 16 फेब्रुवारीपासून बघायला हवं. त्या दिवशी कोलोरॅडोच्या घरी, डेन्व्हरमध्ये मूरने कनक्सचा कॅप्टन मार्कुस नेसलुंड याला धडक दिली. नेसलुंड पकसाठी (खेळातली रबरी चकती) पुढे वाकलेला होता आणि मूरची धडक डोक्यावर बसली. कन्कशन (मेंदूला मार) झालं, कोपराच्या हाडाचा कपचा उडाला, तीन सामने तो बाहेर बसला. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने तपासलं आणि निलंबनही केलं नाही. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गडबड इथूनच सुरू होते. त्या काळी खांद्याने डोक्यावर मारलेली धडक ही नियमानुसार आपोआप चूक ठरत नव्हती. डोक्याला लक्ष्य करणाऱ्या धडकेचा वेगळा नियम, म्हणजे नियम 48, आला 2010-11च्या हंगामात. म्हणून 2004 मध्ये रेफ्रीने पेनल्टीसाठी हात वर केला नाही तो आंधळेपणामुळे नव्हे. त्याच्या पुस्तकात तो गुन्हाच लिहिलेला नव्हता.

चाहत्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. नेसलुंड आदल्या हंगामात 104 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) करून लीगमध्ये दुसरा आलेला माणूस, आणि मूर नवखा, चौथ्या ओळीत, म्हणजे सगळ्यात कमी वेळ बर्फावर येणाऱ्या गटात, खेळणारा. "आमच्या राजाला यांच्या प्याद्याने पाडलं आणि फुकट सुटला", हीच भावना शहरभर होती. कनक्सचा प्रशिक्षक मार्क क्रॉफर्डने रेफ्रींवर जाहीर टीका केली. कनक्सचा खेळाडू ब्रॅड मे याने तर मूरच्या डोक्यावर इनाम लागल्याची भाषा पत्रकारांसमोर वापरली. बर्टुझी हा नेसलुंडच्याच ओळीत खेळणारा, तोही मूरबद्दल वाटेल ते बोलला. पेपरात, रेडिओवर, दारूच्या गुत्त्यात, ऑफिसात एकच विषय: मूर व्हँकुवरला येतोय कधी? 3 मार्चला दोन्ही संघ डेन्व्हरमध्ये पुन्हा भेटले, तेव्हा लीगचे कमिशनर गॅरी बेटमन स्वतः हजर होते. सामना 5-5 बरोबरीत सुटला आणि काहीच झालं नाही. झालं नाही म्हणून कनक्सच्या बऱ्याच चाहत्यांची निराशा झाली. माझ्या मते शरमेची जागा ही आहे. पाच दिवसांनी रिंकवर काय झालं ते एका माणसाने केलं, पण त्याची मागणी हजारोंनी नोंदवून ठेवली होती.

आता माझ्या जुन्या भांडणाचा मुद्दा. माझ्या ओळखीतले कनक्सवाले आजही एक वाक्य फेकतात: "मूरने मर्दासारखं लढायला हवं होतं, मग हे झालंच नसतं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मूर लढला होता. त्याच सामन्यात, पहिल्या पिरियडमध्ये (सामन्याच्या तीन भागांपैकी पहिल्यात), कनक्सच्या मॅट कुकशी. समोरासमोर, ग्लोव्ह्ज टाकून, दोघांच्या संमतीने. दोघांना पाच-पाच मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तेवढा वेळ खेळाबाहेर बसण्याची शिक्षा, मिळाली आणि दोघांनीही ती भोगली.

हॉकीतल्या मारामारीचे अलिखित कायदे, म्हणजे "कोड", ज्यांच्या तोंडी सतत असतात, त्यांना ते माहीत आहेत का, असा मला प्रश्न पडतो. ते कायदे असे: समोरच्याला दिसेल असं आव्हान द्यायचं. त्याने होकार दिला तर दोघांनी ग्लोव्ह्ज आणि स्टिक टाकायच्या. कोणी पडला की थांबायचं, लाइन्समन (सहायक पंच) मध्ये येतात. वचपा काढायचा असेल तर तो एकदाच निघतो, आणि ज्याच्यावर राग आहे त्याने एकदा हात उचलून उत्तर दिलं की खातं बंद. समोरच्याने दुसऱ्यांदा नकार दिला तर शिवी द्या, धक्का द्या, पण मागून हात टाकायचा नाही. याशिवाय लिखित नियम वेगळा: भांडण उकरून काढणाऱ्याला मारामारीच्या पाच मिनिटांवर जादा दोन मिनिटं आणि वर गैरवर्तनाची दहा मिनिटं. नको म्हणणाऱ्याशी जबरदस्तीने लढलात तर तुमचा संघ दोन मिनिटं चार जणांवर खेळतो. म्हणजे तुम्ही लिखित नियम धरा नाहीतर अलिखित, 8 मार्चच्या पहिल्या पिरियडनंतर मूर कोणाचंही देणं लागत नव्हता.

मग तरी का झालं? कारण धावफलक. पहिला पिरियड संपला तेव्हा कोलोरॅडो 5-0 ने पुढे होतं, आणि पाचवा गोल खुद्द मूरचा. तिसऱ्या पिरियडमध्ये 8-2. घटना घडली ती 8 मिनिटं 41 सेकंदांवर. हॉकीत कुठलाही मोठा राडा घ्या, आधी गोलफरक आणि घड्याळ बघा. सामना 2-2 असताना कोणी मूर्खपणा करत नाही, कारण पाच मिनिटांच्या पेनल्टीत सामना जातो. 8-2 असताना पेनल्टीची किंमत शून्य. शिक्षा परवडते तेव्हाच माणसं मारामारीला उतरतात. मार्टी मॅकसोर्लीने 21 फेब्रुवारी 2000 रोजी याच इमारतीत डोनाल्ड ब्रॅशियरच्या कानशिलावर स्टिक मारली, तेव्हा सामना संपायला तीन सेकंदही उरले नव्हते. त्या वेळी मार खाणारा कनक्सचा होता आणि व्हँकुवरचे हेच चाहते "याला तुरुंगात टाका" म्हणत होते. कोर्टाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी धरलं, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना न्याय झाल्यासारखं वाटलं. चार वर्षांनी बर्टुझीवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा त्यातल्याच कित्येकांना "खेळातली गोष्ट कोर्टात कशाला" असं वाटायला लागलं. जर्सीचा रंग बदलला, बाकी काही नाही.

कनक्सवाल्यांचा दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे: 8-2 ने पुढे असताना कोलोरॅडोच्या प्रशिक्षकाने मूरला बर्फावर पाठवलंच का? प्रश्न गैर नाही. पण एक तांत्रिक गोष्ट विसरली जाते. खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करायचा हक्क यजमान संघाचा असतो. पाहुणा आधी आपले पाच दाखवतो, मग यजमान ठरवतो की त्यांच्यासमोर कोण. त्यामुळे मूरसमोर कोण येणार हे पाहुण्यांपेक्षा जास्त कनक्सच्या बेंचच्या हातात होतं. पुढे दिवाणी खटल्यात बर्टुझीने क्रॉफर्डकडे बोट दाखवलं, तर क्रॉफर्डच्या बाजूने सांगण्यात आलं की बर्टुझीला बेंचवर परत बोलावलं होतं आणि त्याने ऐकलं नाही. खरं कोणाचं हे कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही, कारण 2014 मध्ये तडजोड झाली आणि रक्कम गुप्त राहिली.

शारीरिक बाजूही समजून घ्या, म्हणजे "एक ठोसाच तर होता" असं कोणी म्हणणार नाही. समोरून ठोसा येतो तेव्हा माणूस हनुवटी खाली घेतो, मानेचे स्नायू आवळतो, हात वर आणतो. मागून आला की मान सैल, दोन्ही हात स्टिकवर, आणि पाय सरकत्या पात्यांवर. पडताना हात टेकवायला वेळ मिळत नाही. बर्टुझी शंभर किलोंच्या वरचा गडी, आणि तो मूरच्या पाठीवरूनच खाली आला. त्यावर आणखी खेळाडू पडले. मानेचे तीन मणके मोडले, जबर कन्कशन झालं, चेहरा फाटला. मूर 25 वर्षांचा, हार्वर्डचा पदवीधर, एनएचएलमध्ये 69 सामने खेळलेला. त्यानंतर तो एकही सामना खेळला नाही.

शिक्षा काय झाली? उरलेला हंगाम आणि प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) मिळून 20 सामन्यांची बंदी, बुडालेला पगार पाच लाख डॉलरच्या वर, संघाला अडीच लाख डॉलर दंड. पुढचा 2004-05चा हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीत संपूर्ण वाया गेला, त्यामुळे बर्टुझी 17 महिने बाहेर राहिला तरी हुकलेले लीगचे सामने वीसच. फौजदारी खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला: सशर्त सुटका, एक वर्ष देखरेख, 80 तास समाजसेवा. ऑगस्ट 2005 मध्ये बंदी उठली आणि फेब्रुवारी 2006 मध्ये तो कॅनडाकडून ट्युरिनच्या ऑलिम्पिकमध्ये खेळला. व्हँकुवरने त्याला परत आपलं म्हटलं, डेन्व्हरमध्ये त्याच्याकडे पक आला की हुर्यो.

तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू बघायची असेल तर मॉन्ट्रियलचं प्रकरण बघा, कारण तिथे चाहत्यांचा राग सगळ्यात व्यवस्थित नोंदला गेला. तारीख योगायोगाने पुन्हा 8 मार्च, साल 2011. बोस्टनचा झ्डेनो चारा, 6 फूट 9 इंच, याने मॉन्ट्रियलच्या मॅक्स पॅचोरेटीला बोर्डाच्या (रिंकभोवतीच्या भिंतीच्या) कडेने ढकललं आणि पॅचोरेटीचं डोकं दोन बेंचांमधल्या काचेच्या खांबावर आपटलं. मानेच्या मणक्याला फ्रॅक्चर आणि कन्कशन. चाराला पाच मिनिटं आणि सामन्यातून बाहेर, पण निलंबन नाही. मॉन्ट्रियलवाल्यांनी 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन लावून पोलिसांकडे तक्रारी केल्या. पोलिसांनी खरोखर चौकशी केली. एअर कॅनडाने लीगला पत्र लिहून प्रायोजकत्व काढून घ्यायची तंबी दिली. मॉन्ट्रियलच्या बेल सेंटर स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली. बोस्टनवाले म्हणत राहिले की धडक साधी होती, दोष खांबाचा. मॉन्ट्रियलवाल्यांनी जानेवारीतला सामना उकरून काढला, ज्यात पॅचोरेटीने ओव्हरटाइमचा गोल केल्यावर चाराला मागून धक्का दिला होता. म्हणजे हेतू सिद्ध. तोच व्हिडिओ, तीच काही सेकंदं, दोन शहरांना दोन वेगळे गुन्हेगार दिसले. गुन्हा काही दाखल झाला नाही. पण पुढच्या हंगामापासून त्या जागी खांबाला वळणदार काच आली, जिच्यावर माणूस आदळण्याऐवजी घसरतो. एवढ्या आरडाओरड्यातून निघालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

ज्यांना वाटतं की वचपा काढणं हाच मूळ रोग आहे, त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण. 7 मार्च 2010 ला मॅट कुकने, हो, तोच मूरशी लढलेला कुक, आता पिट्सबर्गकडून खेळताना, बोस्टनच्या मार्क सवार्डला आंधळ्या बाजूने डोक्यावर धडक दिली. निलंबन नाही, कारण नियमच नव्हता. पुढच्या भेटीत बोस्टनच्या शॉन थॉर्नटनने सुरुवातीलाच कुकला समोरासमोर गाठलं, दोघे लढले, प्रेक्षकांनी घसा फोडला, विषय संपला. सवार्डचं कन्कशन त्याने बरं झालं नाही, पण निदान दुसरा माणूस स्ट्रेचरवर गेला नाही. आणि याच थॉर्नटनने डिसेंबर 2013 मध्ये पिट्सबर्गच्या ब्रुक्स ऑर्पिकवर काय केलं? ऑर्पिकने लढायला नकार दिला, तर नंतर गोंधळात त्याचे पाय मागून काढले, बर्फावर पाडून ठोसे मारले. ऑर्पिक स्ट्रेचरवर, थॉर्नटन 15 सामने बाहेर. माणूस तोच, कारण तेच, फरक फक्त समोरच्याच्या होकाराचा. हा फरक ज्याला कळत नाही त्याने "कोड" हा शब्द वापरू नये.

अशी क्लिप पुढच्या वेळी पाहाल तेव्हा आवाज बंद करून पाहा आणि काही गोष्टी तपासा. मार खाणाऱ्याकडे पक होता का, नसेल तर सोडून किती वेळ झाला. मारणारा त्याच्या नजरेत होता का. ग्लोव्ह्ज बर्फावर आहेत की हातात. ग्लोव्ह हातात ठेवून मारलेला ठोसा ही जवळजवळ कधीच दोघांच्या संमतीची मारामारी नसते. रेफ्रीचा हात वर गेला का. गोलफरक किती, वेळ किती उरलाय. मग त्या दोन संघांच्या आधीच्या दोन-तीन सामन्यांची पेनल्टीची यादी काढा. बहुतेक वेळा कारण तिथे सापडतं, आणि कारण सापडलं म्हणजे समर्थन सापडलं असं नाही.

आणि हे "कॅनडावाले हल्ली बिघडलेत" वगैरे काही नाही. मार्च 1955 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारने बोस्टनमध्ये एका खेळाडूला स्टिकने मारलं, वर लाइन्समनला ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामासाठी आणि प्लेऑफसाठी घरी बसवलं. 17 मार्चला कॅम्पबेल स्वतः मॉन्ट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये येऊन बसले. लोकांनी अंडी-टोमॅटो मारले, अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, सामना सोडून द्यावा लागला आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकानं फुटली. हंगामाच्या शेवटी रिशारच्याच संघातला बर्नी जेफ्रियन 75 गुण करून त्याच्या 74च्या पुढे गेला, तर मॉन्ट्रियलने स्वतःच्या खेळाडूची हुर्यो उडवली. लाइन्समनला मारणाऱ्यासाठी शहर पेटलं आणि इमानदारीत गोल करणाऱ्याला शिव्या पडल्या.

थोडं सावरून घेतो, नाहीतर कॉमेंटमध्ये मार पडेल. सगळे चाहते असे नसतात. 8 मार्चच्या रात्रीच लाज वाटलेले कनक्सवाले भरपूर होते. बर्टुझी दोन दिवसांनी पत्रकारांसमोर रडला, ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. नेसलुंडला लागलेला मार खरा होता आणि आजच्या नियमात मूरला पेनल्टी झाली असती, कदाचित निलंबनही, हेही मान्य. लीगने फेब्रुवारीत मूरला दोन सामने बसवलं असतं तर मार्चमधली बरीच हवा निघून गेली असती. 2011 पासून लीगचा खेळाडू सुरक्षा विभाग प्रत्येक निलंबनाचं कारण व्हिडिओत समजावून सांगतो. निर्णय पटो न पटो, निदान भांडायला कागद असतो.

पण "मूरने लढायला हवं होतं" हे मी मान्य करणार नाही. कोणी तुम्हाला ते ऐकवलं तर वाद घालत बसू नका, त्या सामन्याच्या पहिल्या पिरियडची पेनल्टीची यादी पाठवा. त्यात कुक, मारामारी, 5 मिनिटं असं आहे, आणि सोबतच मूर, मारामारी, 5 मिनिटं असंही आहे.